फळं पोच करण्याची साधनं: पातेल्यापासून सू-व्हीद कांडीपर्यंत, काय घ्यावं आणि काय टाळावं

पोच करणं म्हणजे फळ उकळू न देता गरम पाकात हळूहळू शिजवणं. पेअर पोच करताना सर्वात जास्त बिघडतं ते उकळीमुळे. बाहेरचा गर विरघळतो, गाभा कच्चट राहतो, फोडींच्या कडा झिजतात आणि पाक गढूळ होतो. म्हणून या कामासाठी पातेलं, झाकण किंवा एखादं यंत्र घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पाक ८२ ते ८८ अंश सेल्सियसच्या दरम्यान अर्धा-पाऊण तास धरून ठेवता येतो का? फळ सगळा वेळ पाकाखाली राहतं का? आणि आंबट पाक त्या धातूला लागून रंग किंवा चव बिघडते का? घरात वापरता येणारी साधनं इथे या तीन कसोट्यांवर घासून पाहिली आहेत.

८२ ते ८८ हा पट्टा उगाच ठरलेला नाही. फळाच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं ते पेक्टिन, आणि ते साधारण ८३–८५ अंशांपुढे भराभर सुटू लागतं. कडक पेअर ७५ अंशांवर तासभर ठेवलं तरी फारसं मऊ होत नाही. उलट ९८ अंशांवर बाहेरचं पेक्टिन काही मिनिटांत सुटतं आणि उष्णता मध्यापर्यंत पोचेतो बाहेरचा लगदा झालेला असतो. ८५ च्या आसपास मात्र बाहेर आणि आत यांतलं अंतर कमी राहतं. फळाचा आकार टिकतो आणि सुरीचं टोक सगळीकडे सारख्याच सहजपणे जातं.

पाकाचं प्रमाण आधी सांगून ठेवायला हवं, कारण पुढे बरेचदा त्याचा उल्लेख येईल. लिटरभर पाण्याला २५० ग्रॅम साखर हा पातळ पाक, ५०० ग्रॅम हा मध्यम, १ किलो हा घट्ट. घट्ट पाकात सुरुवातीपासून फळ टाकलं तर पाक फळातलं पाणी ओढून घेतो. फळ आक्रसतं, सुरकुततं आणि चिवट होतं. नुसत्या पाण्यात किंवा अगदी नाममात्र साखरेत टाकलं तर फळ पाणी शोषतं, फुगतं आणि त्याची स्वतःची गोडी पाण्यात निघून जाते. कडक फळाला पातळ ते मध्यम आणि पिकलेल्या नाजूक फळाला मध्यम पाक बरा, कारण साखर गराला धरून ठेवायला मदत करते. लिटरमागे एक मोठा चमचा लिंबाचा रसही तेच काम करतो. आम्लात पेक्टिन सावकाश सुटतं. वाइनमध्ये पेअरला साध्या पाकापेक्षा जास्त वेळ लागतो तो याचमुळे. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळेही वेळ थोडा वाढतो.

पातेलं

सर्वात जास्त विचार पातेल्याचा करावा, आणि त्यातही धातूच्या आधी रुंदीचा. चार मध्यम पेअर, सोलून प्रत्येकी साधारण १५० ग्रॅमची आणि पोटाशी साडेसहा सेंटीमीटर जाडीची, देठासकट उभी ठेवायची असतील तर १६ सेंटीमीटर व्यासाच्या आणि निदान १२ सेंटीमीटर खोल पातेल्यात ती एकमेकांना टेकून नेमकी बसतात. त्यांना नऊ सेंटीमीटरपर्यंत बुडवायला १.२ लिटर द्रव पुरतो. हीच चार पेअर २० सेंटीमीटरच्या पातेल्यात ठेवली तर तेवढ्याच उंचीसाठी जवळजवळ २.२ लिटर लागतो. हा जास्तीचा लिटर वाइनचा असेल तर एक बाटलीही पुरत नाही. शिवाय फळातून उतरणारा स्वाद दुप्पट पाकात पातळ होतो आणि तो पाक शेवटी आटवायलाही तितकाच जास्त वेळ जातो. भांडं घेताना ‘मोठं असलेलं बरं’ हा विचार इथे महागात पडतो.

अर्ध्या केलेल्या फळांचं गणित वेगळं आहे. आठ अर्धी पेअर किंवा पीच एका थरात बसायला २४ सेंटीमीटर रुंद, सात सेंटीमीटर खोल, उभ्या कडांचं पसरट भांडं लागतं. पाक चार सेंटीमीटरच पुरतो, म्हणजे पुन्हा सव्वा लिटरच्या आसपास. पीच, प्लम, जर्दाळू वारंवार करणाऱ्यांनी हे पसरट भांडं घ्यावं, कारण मऊ फळं एकावर एक रचली की खालची दबतात. पेअर आणि क्विन्स (पेअरसारखं कडक, तुरट फळ) जास्त करणाऱ्यांनी अरुंद आणि खोल घ्यावं. दोन्हींसाठी एकच घ्यायचं झालं तर २० सेंटीमीटरचं चालून जातं, पण त्यात अर्धी फळं दोन थरांत ठेवून मध्येच वरची खाली करावी लागतात.

धातूंमध्ये पहिली पसंती ट्रायप्लाय स्टीलला: आतबाहेर स्टील आणि मध्ये ॲल्युमिनियमचा थर, तोही फक्त बुडाला नव्हे तर कडांपर्यंत. आतलं स्टील आंबट पाकाला दाद देत नाही आणि मधला थर आच सगळीकडे पसरवतो. पातळ एकेरी स्टीलमध्ये ज्वाळेच्या बरोबर वर एक वर्तुळ उकळत राहतं आणि कडेचा पाक १० अंशांनी मागे असतो. पाक आटवताना त्याच वर्तुळात साखर धरते. असं पातेलं घरात असेल तर ते टाकून द्यायची गरज नाही. सर्वात लहान बर्नर आणि खाली जाड तवा, एवढ्याने त्याचा दोष बराच झाकला जातो.

उघडं ॲल्युमिनियम मात्र या कामाला नकोच. वाइन, लिंबू, आंबट प्लम यांचं आम्ल धातू विरघळवतं, पाकाला धातूची चव येते आणि लाल रंग निळसर-करडा पडतो. लाल फळं आणि लाल वाइन यांचा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो ते आम्लात तांबडं, आम्ल कमी झालं की जांभळं आणि धातूच्या संगतीत निळसर होतं. बीडाच्या उघड्या कढईचीही हीच गत. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई शाबूत असेल तरच ते वापरावं.

एनॅमलचा लेप दिलेलं बीडाचं जड भांडं या सगळ्यांत वेगळं आहे. आम्लाचा त्याच्यावर परिणाम नाही, तापमान तर इतकं स्थिर राहतं की एकदा आच जुळली की तासभर हात लावावा लागत नाही. त्याचा दोष त्याच्या गुणातच आहे: गॅस बंद केल्यावरही ते बराच वेळ तापलेलं राहतं, आणि त्यात ‘पाकातच गार होऊ द्या’ ही सूचना पाळली तर पीच गळून जातात. क्विन्स आणि सुक्या फळांसाठी हे भांडं उत्तम. नाजूक फळांसाठी वापरायचं असेल तर फळं झाऱ्याने परातीत काढावीत, पाक वेगळा कोमट होऊ द्यावा आणि मग दोघांना पुन्हा एकत्र आणावं. नॉनस्टिकने या कामात काही फायदा नाही; इथे चिकटण्याचा प्रश्नच नसतो आणि गडद तळामुळे पाकाचा रंग, गढूळपणा काही कळत नाही.

इंडक्शन शेगडी वापरणाऱ्यांनी पातेलं पारखण्याआधी शेगडी पारखावी. बऱ्याच घरगुती शेगड्या कमी आचेवर सतत कमी उष्णता देत नाहीत. काही सेकंद जोरात चालतात, मग थांबतात, पुन्हा चालतात. लिटरभर पाणी सर्वात खालच्या पायरीवर ठेवून पाच मिनिटं बघत राहिलं तर उसळी आणि शांतता आळीपाळीने दिसते. अशा शेगडीवर हलकं पातेलं ठेवलं की प्रत्येक उसळीला फळ हिंदकळतं. जाड बुडाचं भांडं हे झटके पोटात घेतं, म्हणून इंडक्शनवर ट्रायप्लाय किंवा एनॅमलच्या भांड्याला पर्याय नाही.

झाकण: कागदाची चकती

सगळ्या साधनांत सर्वात जास्त गुण बेकिंगच्या पार्चमेंट कागदाच्या एका चकतीला. फळ पाकात तरंगतं. सफरचंदाच्या आकारमानाचा जवळपास चौथा भाग हवाच असते, त्यामुळे ते सर्वात जास्त वर येतं. पण साखरेमुळे पाक पाण्यापेक्षा जड असल्याने पेअर आणि पीचही वर येतात. पाकाबाहेर राहिलेला भाग शिजत नाही आणि हवेशी संबंध आल्याने तपकिरी पडतो. पोच केलेल्या पेअरच्या खांद्यावर दिसणारं मळकट कडं असतं ते हेच. भिजलेला कागद फळांवर चिकटून बसतो, पाक त्याच्यावरून थोडा वाहतो, वरचा भागही ओला आणि गरम राहतो.

चकती करायची पद्धत: पातेल्यापेक्षा थोडा मोठा चौकोन कापावा, दोनदा दुमडून चौथाई करावी, मग घडीच्या कोपऱ्यातून तिरकं दुमडत लांबट त्रिकोण करावा. त्याचं टोक पातेल्याच्या मध्यावर धरून कडेपाशी कापावं आणि टोकाचा अर्धा सेंटीमीटर उडवावा. उलगडल्यावर मध्ये भोक असलेली चकती तयार. या भोकातून वाफ निघते. भोक नसेल तर वाफ साचून कागद फुग्यासारखा वर येतो आणि फळापासून सुटतो. कागद आधी चुरगळून पाण्याखाली धरला तर लगेच बसतो. मेणकागद चालणार नाही, त्याचं मेण वितळून पाकावर तरंगतं.

सिलिकॉनच्या भोकांच्या चकत्या पुन्हापुन्हा वापरता येतात आणि वजनामुळे फळ चांगलं दाबून धरतात, पण लवंग-दालचिनीचा वास त्यांत मुरतो. लाकडी बुडतं झाकण वाइन पिऊन कायमचं जांभळं होतं. उलटी बशी हा जुना उपाय कडक पेअर आणि क्विन्सला ठीक आहे. पीचवर ठेवली तर तिच्या वजनाने फोडींवर वळ उठतात आणि तिच्या पोटाखाली हवा अडकते ती वेगळीच. पातेल्याचं नेहमीचं झाकण घट्ट लावणं ही तर सर्वात वाईट निवड, कारण झाकणाखाली मंद आचेवरचा पाकही हळूहळू उकळीला येतो. कागद ठेवून वर झाकण दोन बोटं उघडं, एवढं पुरे.

थर्मामीटर

ज्यांच्याकडे नाही त्यांनी पातेल्याच्याही आधी हा घ्यावा. टोकाची बारीक सळई, तीन-चार सेकंदांत आकडा आणि एक अंशाची अचूकता, इतकं असलं की झालं. कडेला अडकवायची चिमटी असेल तर अधिक सोय, पण सळईचं टोक बुडाला टेकू देऊ नये. तिथे पाच-सात अंश जास्त दिसतात. घरी आणल्यावर तो तपासून घ्यावा: ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी यांत ० यायला हवा. उकळत्या पाण्यात १०० तपासताना जागेची उंची लक्षात घ्यावी, कारण दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो.

लांबून लाल ठिपका मारून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर इथे कामाचा नाही. तो फक्त पृष्ठभाग वाचतो, आणि वाफेमुळे पाकाचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा थंड असतो. चकचकीत स्टीलवर तर त्याचा आकडा सरळ चुकतो.

थर्मामीटर नसताना डोळ्यांनी ओळखायचं असेल तर बुडबुडे पाहावेत. ७० च्या आसपास ते बुडाला चिकटून असतात. ८० ते ८५ ला एखाददुसरा सुटून वर येतो आणि पृष्ठभाग नुसता थरथरतो. बुडबुड्यांच्या माळा लागल्या की ९० ओलांडलं. कागदाची चकती असल्यावर हे तिच्या भोकातूनच पाहावं लागतं, तेव्हा भोक फार लहान करू नये.

सू-व्हीद कांडी: काही फळांना वरदान, काहींना नाही

सू-व्हीद म्हणजे पदार्थ बंद पिशवीत घालून ठरावीक तापमानाच्या पाण्यात शिजवणं. पाण्यात उभी करायची, पाणी ढवळत ठरवलेल्या अंशावर धरून ठेवणारी ही कांडी पहिल्या कसोटीवर कुणालाही हार जात नाही. ८५ म्हणजे ८५च. दुसरा फायदा पाकाचा: चार पेअरच्या फोडी पिशवीत भरल्यावर २०० मिली पाक पुरतो, म्हणजे केशर किंवा व्हॅनिलाची शेंग अशा महाग गोष्टी पाचपट द्रवात वाया जात नाहीत. कडक पेअरच्या अर्ध्या फोडी ८५ अंशांवर ४० ते ६० मिनिटांत होतात आणि दहा मिनिटं जास्त झाली तरी बिघडत नाहीत. सफरचंदाला तर या यंत्राची एक खास मदत होते: फोडी आधी ६० अंशांवर २०–३० मिनिटं ठेवल्या तर फळातलं एक एन्झाइम पेक्टिनला कॅल्शियमशी बांधून घट्ट करतं, आणि मग ८५ ला नेल्यावर त्या फोडी मऊ होऊनही फुटत नाहीत. गॅसवर ही पायरी साधणं फार कठीण आहे.

आता अडचणी. बाहेरून हवा ओढणारं व्हॅक्यूम यंत्र हवेबरोबर पाकही ओढतं आणि पिशवीची शिवण ओली राहून नीट बंद होत नाही. पाक बर्फाच्या साच्यात गोठवून त्याचे खडे फळांबरोबर घालावेत, किंवा झिपची पिशवी उघडीच पाण्यात हळूहळू बुडवावी, म्हणजे पाण्याच्या दाबाने हवा निघून जाते. पिकलेलं पीच पूर्ण व्हॅक्यूममध्ये चेपलं जातं. त्याला हीच दुसरी पद्धत हवी. पिशवी तापली की फळातली हवा बाहेर पडते आणि ती तरंगू लागते, म्हणून पिशवीत स्टीलचा जड चमचा घालावा. पाण्याचं भांडं उघडं ठेवलं तर ८५ अंशांवर पाणी भराभर उडतं आणि पातळी खाली गेली की कांडी बंद पडते.

वाइन पिशवीत कच्ची घालू नये. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण बंद पिशवीतून ते जाणार कुठे? फळाला बोचरा, औषधी वास राहतो. वाइन आधी उघड्या पातेल्यात उकळून निम्मी करावी आणि मग घालावी. मसालेही नेहमीच्या एकतृतीयांशच घालावेत, कारण वाफेबरोबर काहीच निघून जात नाही. पिशवीतली एक लवंग पातेल्यातल्या तिघींना भारी पडते. आणि कांडी थेट पाकात कधीही उभी करू नये, साखर आतल्या भागांवर करपून बसते.

एकूण, महिन्यातून एकदा पेअर करणाऱ्याने केवळ यासाठी कांडी घेऊ नये. घरात आधीच असेल तर पेअर आणि सफरचंदासाठी जरूर काढावी. प्लम, चेरी, अंजीर ही पाच-सात मिनिटांची फळं. त्यांच्यासाठी मोठं भांडंभर पाणी तापवत बसण्यात अर्थ नाही.

बाकीची यंत्रं

स्लो कुकरबद्दल एक गैरसमज आहे की मंद म्हणजे कमी तापमान. बऱ्याच स्लो कुकरांत ‘लो’ आणि ‘हाय’ दोन्ही शेवटी उकळीच्या जवळच जातात. ‘लो’ला तिथे पोचायला जास्त तास लागतात, एवढाच फरक. त्या मधल्या तासांत पेअर कोमट पाकात पडून असतं आणि त्याला तपकिरी करणारं एन्झाइम, जे ८० अंशांच्या आसपास निकामी होतं, आपलं काम करून मोकळं होतं. पाक वेगळा उकळून ओतला तर हा दोष जातो. तरीही पीच-पेअरला याचा भरवसा नाही. सुके जर्दाळू, सुके प्लम, सुके अंजीर यांना मात्र दोन-अडीच तासांची ही सावकाश वाफ छान मानवते. सुक्या फळांना लिटरमागे १०० ग्रॅम साखर पुरे, ती स्वतःच गोड असतात.

प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या घरात जातं, त्यामुळे पेअर, पीच यांना तो पूर्ण वर्ज्य. क्विन्सला चालतो, पण शिट्टी उचलून वाफ सोडू नये. दाब एकदम उतरला की फळाच्या आतलं पाणी उसळून फोडी फाटतात.

क्विन्सचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबायला हवं, कारण पोच करण्यात इतकं देखणं फळ दुसरं नाही. कच्चं असताना ते कडक, तुरट, पिवळट-पांढरं असतं. मंद आचेवर आंबट पाकात दीड-दोन तास गेले की त्यातल्या तुरट टॅनिनांचं हळूहळू लाल रंगद्रव्यात रूपांतर होतं. फोडी आधी फिकट केशरी, मग गुलाबी, मग गर्द माणकासारख्या होतात, आणि कुठलाही रंग घातलेला नसतो. फळ अर्ध्या तासातच मऊ होऊ लागतं, पण रंग नंतर येतो, म्हणून मऊ झालं की उतरवणाऱ्यांच्या वाट्याला तो येत नाही. यासाठी सर्वोत्तम साधन ओव्हन: झाकणाच्या भांड्यात चार क्विन्सच्या फोडी, लिटरभर पाणी, ४०० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, साली आणि बियांची कापडी पुरचुंडी, आणि १५० अंशांवर अडीच-तीन तास. साली-बियांमध्ये पेक्टिन भरपूर असल्याने पाक गार झाल्यावर जेलीसारखा थरथरतो. लगेच हवं म्हणून आच वाढवली तर फोडी विरघळतात आणि रंग फिकाच राहतो.

रुबार्बलाही (फळासारखे शिजवले जाणारे आंबट देठ) ओव्हनच हवा. पातेल्यात ढवळलं की त्याचे दोरे होतात. तीन सेंटीमीटरचे तुकडे ५०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, पाणी अजिबात नाही, एकेरी थर, वर झाकण, १५० अंशांवर वीसेक मिनिटं. ॲल्युमिनियमचा कागद झाकायला वापरला तर तो तुकड्यांना टेकू देऊ नये, रुबार्ब फार आंबट असतो. मायक्रोवेव्ह एक-दोन प्लम मऊ करण्यापुरता ठीक. कडेच्या फोडी शिजतात, मधल्या कच्च्या राहतात.

लहानसहान वस्तू

पेअरचा गाभा काढायला २२ ते २५ मिलिमीटरचा गोल स्कूपर घ्यावा. अर्ध्या फळात एक वळसा, आणि बियांची वाटी स्वच्छ निघते. सुरीने खणलेल्या खळग्याच्या कडा शिजताना झिजतात. अख्ख्या फळाला तोच स्कूपर खालून घालावा आणि देठ तसाच ठेवावा. आरपार भोक पाडणारा कोअरर पेअरला वापरू नये, देठ जातो आणि फळ मध्येच चिरतं. सालं काढायला आडव्या पात्याचा धारदार पीलर. बोथट पात्याने पृष्ठभागावर पायऱ्या पडतात आणि वाइनचा रंग त्या प्रत्येक कडेवर गडद बसतो. शिजलं का पाहायला बारीक सळई, तीही खालून गाभ्याच्या बाजूने, म्हणजे भोक दिसत नाही. सोललेलं फळ लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून त्यात बुडवून ठेवावं, पण दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही.

नव्या पातेल्याची परीक्षा

पातेलं कसं आहे हे एका वाइन-पेअरमध्ये कळतं. लाल वाइन ७५० मिली, पाणी ३५० मिली, साखर २०० ग्रॅम, पाच सेंटीमीटर दालचिनी, दोन लवंगा, संत्र्याच्या सालीची एक पट्टी. तिचा पांढरा भाग पूर्ण खरवडून, नाहीतर कडवटपणा येतो. हे झाकण न लावता पाच मिनिटं उकळावं. १६ सेंटीमीटरच्या पातेल्यात चार सोललेली पेअर या द्रवात बरोबर मावतात. वाइन नको असेल तर तेवढाच डाळिंबाचा किंवा काळ्या द्राक्षाचा रस आणि साखर फक्त ६० ग्रॅम, शिवाय एका लिंबाचा रस, त्याशिवाय रंग तांबडा राहत नाही. पेअर पिकू लागलेलं पण कडक हवं: देठाजवळ अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम हलावं. बॉस्क आणि कॉन्फरन्स या जाती आकार छान धरतात, बार्टलेट लवकर मऊ पडते. फळ पार कच्चं असेल तर कितीही शिजवा, ते मऊ होईल पण चव येणार नाही. दाणेदार लागणाऱ्या पेअरचा दोषही शिजवण्यात नसतो. त्या गरातल्या कडक पेशी कुठल्याच आचेला विरघळत नाहीत.

चकती ठेवून ८५ अंशांवर ३५ ते ४५ मिनिटं, एकदा फिरवून. चांगल्या पातेल्यात आच जुळल्यानंतर तापमान दोन-तीन अंशांपेक्षा जास्त हलू नये. दर पाच मिनिटांनी बटण फिरवावं लागत असेल तर बूड पातळ आहे. सळई जाताना मध्यावर अगदी किंचित अडते तेव्हा बंद करावं, गार होताना फळ आणखी एक पायरी शिजतं. दुसऱ्या दिवशी कापल्यावर रंगाचं कडं सगळीकडे सारख्या जाडीचं दिसलं तर पातेलं आणि चकती दोन्ही पास. एका बाजूला फिकट डाग असेल तर ती बाजू पाकाबाहेर होती.

पीचची परीक्षा अवघड असते. लिटरभर पाणी, ४०० ग्रॅम साखर, व्हॅनिलाची अर्धी शेंग. अर्धी फळं सालीसकट, कापलेली बाजू खाली ठेवून चार मिनिटं आणि उलटून तीन. साल काढून शिजवू नये: सालीतला गुलाबी रंग गराला आणि पाकाला येतो आणि कोमट झाल्यावर ती बोटाने ओढली तरी निघते. निघत नसेल तर फळ पिकलेलं नव्हतं. फ्रेंच शेफ ऑगस्त एस्कॉफिए याने १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गायिका नेली मेल्बा हिच्यासाठी केलेला पीच मेल्बा, म्हणजे पीच, व्हॅनिला आइस्क्रीम आणि पुढे त्यात आलेला रास्पबेरीचा रस, हा अशाच फळाचा पदार्थ. आइस्क्रीमबरोबर वाढायचं असेल तर साखर ५०० ग्रॅम करावी, कारण थंड पदार्थात गोडी कमी जाणवते.

प्लमची साल फुटते ती उकळत्या पाकात टाकल्याने. पाक ७० वर असताना घालून ८० पर्यंतच न्यावा, पाच-आठ मिनिटं. जर्दाळूला तीन ते सहा, चेरीला तीन ते पाच, अंजिराला पाच ते आठ, अननसाच्या चकत्यांना दहा-पंधरा. अननसाचा एक जास्तीचा फायदा: कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन जिलेटिन मोडतं, पण पोच केल्यावर ते निकामी होतं आणि जेली व्यवस्थित बसते.

फळं पाकातच रात्रभर ठेवावीत. साखर आत शिरायला १२ ते २४ तास लागतात. तासाभरात बाहेर काढलेलं पेअर वरून गोड आणि आतून पाणचट लागतं. मात्र खोलीत दोन तासांपेक्षा जास्त नको, मग फ्रिज. आटवण्याआधी मसाले काढून टाकावेत, दालचिनी जास्त उकळली की कडवट होते. वरचा वाइनचा पाक ३०० मिलीच्या आसपास आला की थांबावं. समुद्रसपाटीला थर्मामीटर १०३ दाखवतो तेव्हा गार झाल्यावर तो चमच्यावरून सावकाश ओघळतो, १०६ ला मात्र फ्रिजमध्ये चिकट गोळा होतो. मध्यम पाक असा आटवला तर लवकरच नुसती साखर होते, म्हणून आटवायचं ठरलेलं असेल तर सुरुवात २५० ग्रॅमवरच करावी. आणि सगळा पाक आटवू नये: फळं बुडतील इतका पातळ पाक आधी काचेच्या बरणीत काढून ठेवावा, फळं त्यात घालून वर कागदाची लहान चकती दाबावी. अशी ती फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगली राहतात.